पाठ वाकडी, मग जेल पोटावर का?

"दुखणं पाठीचं हाय आणि तुम्ही पोटाला जेल लावालाय, हे कसं वो?" पेशंट खानापूरचा असो, चिकोडीचा असो की निपाणीचा, कणा वाकडा म्हणून माझ्याकडे सोनोग्राफीला पाठवलेल्यांचा हा प्रश्न ठरलेला. रांग मोठी असली की "श्वास बघते" एवढं बोलून मी मोकळी होते. ते काही उत्तर नव्हे. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

चौदा वर्षांची एक मुलगी आली होती, सोबत आई. आई निपाणीकडची, घरी विड्या वळणारी. आमच्या दाराशी कायद्यानं लावावी लागणारी पाटी आहे, गर्भलिंग तपासणी केली जात नाही म्हणून. आई थबकली ती पाटीपाशी नव्हे, पाटीखाली बसलेल्या गरोदर बायका बघून. "गावात कळालं तर काय म्हणतील?" हळूच म्हणाली. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की दिवस गेलेली बाईच डोळ्यांपुढे येते, त्यामुळे तिचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून अशा मुलींना मी दुपारी, गर्दी ओसरल्यावर बोलावते.

पोरीच्या कण्याचा बाक पहिल्यांदा दिसला तो टेलरला. शाळेचा ड्रेस शिवताना तो म्हणाला, एक खांदा वर आहे. आईला वाटत होतं, सूप मांडीवर घेऊन आपल्याशेजारी वाकून बसायची, त्यानंच झालं. मी सांगितलं, बसण्यानं नाही आणि दप्तरानंही नाही. या वयात येणाऱ्या बहुतेक बाकांचं कारण सापडतच नाही.

एक्स-रेवर तिचा कोन ५२ अंश भरला होता. हा कोन मोजायची रीत कॉब नावाच्या अमेरिकन सर्जननं १९४८ मध्ये मांडली. १० अंशांपासून पुढे स्कोलिओसिस म्हणतात. पण एक्स-रेत हाडं दिसतात, तीही थांबलेली. कणा नुसता बाजूला झुकत नाही, स्वतःभोवती पिळतोही. मग एका बाजूच्या बरगड्या फाकून मागे फुगवटा येतो, दुसरीकडच्या एकमेकींना चिकटतात. छाती अशी पिळलेली असताना आत श्वास कसा चाललाय, हे हाडांच्या फोटोवरून कळत नाही. फुंकायच्या मशीनवर कळतं, पण ते दोन्ही बाजूंची बेरीज सांगतं.

मला बघायचं असतं श्वासपटल, म्हणजे डायफ्रॅम. छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू. शांत बसल्यावर आपण जो श्वास घेतो, त्याचं बरंचसं काम हाच करतो. प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, बरगडीखाली ठेवून वर रोखला, की यकृताच्या पलीकडे एक पांढरी कमान हलताना दिसते; तिची वर-खाली हालचाल स्क्रीनवर लाटेसारखी उमटते. शांत श्वासाला साधारण दीड-दोन सेंटिमीटर, खोल श्वासाला पाच-सात.

"उसिर तगोरी," माझ्या तोंडून सवयीनं कन्नडच आलं. पोर हसली आणि तिनं खोल श्वास घेतला. उजवीकडची लाट ४.८ सेंटिमीटर. डावीकडे ३.१. स्क्रीन तिच्याकडे वळवली तर म्हणाली, "हे मी काढालोय?" पुढचे चार श्वास तिनं लाट उंच करायच्या नादात घेतले. ते मी मोजले नाहीत.

मग दुसरा, बारीक प्रोब काखेखाली, आठव्या-नवव्या बरगडीमध्ये. तिथं दोन पांढऱ्या रेघांमध्ये काळसर पट्टी दिसते, तोच स्नायू. श्वास सोडल्यावर १.६ मिलिमीटर, भरून घेतल्यावर २.४. म्हणजे निम्म्यानं जाड झाला. ही वाढ २० टक्क्यांच्या आत असती, तर स्नायूच दुबळा आहे अशी शंका आली असती. काही मुलांत स्नायूंच्या आजारामुळेच कणा वाकतो, त्यांच्यात ही शंका येते.

हिचा भाता, म्हणजे हा स्नायू, धड होता; चौकट, म्हणजे छातीचा पिंजरा, वाकडी होती. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. भाताच फाटका असता, तर ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना वेगळी तयारी करावी लागली असती. ऑपरेशन करायचं की नाही, हे मात्र माझ्या मशीनवर ठरत नाही. बाक यानं मोजला जात नाही, सरळ तर मुळीच होत नाही. आकडेही प्रोब धरणाऱ्या हातावर थोडे हलतात. म्हणून पाठीखाली उशी कुठं दिली होती, हेसुद्धा मी रिपोर्टात लिहून ठेवते. पुढच्या वेळी तीच मांडणी हवी.

एक राहिलं. डावीकडची कमान त्या दिवशी पटकन सापडेना. उजवीकडे यकृताची मोठी खिडकी मिळते. डावीकडे प्लीहेची लहानशी, आणि तिच्याआड जठरातली हवा; हवेपलीकडचं सोनोग्राफीत दिसत नाही. विचारलं, सकाळी काय घेतलंस? आई गप्प. पोरीनं सांगून टाकलं, स्टँडवर उतरल्यावर गोळी सोडा. अर्धा तास बाहेर बसवलं, दोन ढेकर आले, मग दिसली.

तेव्हा येताना उपाशी येऊ नका, पण सोडा नको.