ऑस्करची बाहुली आणि कोल्हापूरच्या भानूताई

शनिवार, रात्र

आज आठवीच्या चित्रकलेच्या तासाला विचारलं, "भानू अथैया कोण?" दोन-तीन हात वर झाले. "सर, ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय!" सामान्यज्ञानाच्या पुस्तकातलं घोकलेलं उत्तर. ऑस्कर कशाबद्दल, असं विचारल्यावर वर्ग गार. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "ॲक्टिंग."

मुलांना काय बोलायचं? कोल्हापुरात मोठी माणसंही यापलीकडे फारसं सांगत नाहीत. राजोपाध्यांच्या घरातली ही मुलगी. वडील अण्णासाहेब स्वतः चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या सिनेमांसाठी काम केलेले. मुलगी मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकली, १९५३ साली नव्या वळणाच्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. पोटासाठी फॅशनची रेखाटनं केली आणि तिथून सिनेमाच्या कपड्यांकडे वळली. 'ब्रह्मचारी'तली मुमताजची ती केशरी साडी आठवते? ती नेसायची नव्हेच, शिवलेली होती, चेन लावलेली. म्हणून तर एवढं नाचूनही सगळं जागच्या जागी! 'आम्रपाली'साठी भानूताईंनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. तो सिनेमा १९६६ साली भारतातर्फे ऑस्करला गेला होता, नामांकनसुद्धा मिळालं नाही. भानूताईंना ऑस्कर मिळालं ते थेट १९८३ मध्ये, 'गांधी'च्या वेशभूषेला, जॉन मोलोबरोबर विभागून. हात तेच होते. दिग्दर्शक मात्र इंग्रज होता.

मला खरं लागतं ते पुढचं. २०१२ साली भानूताईंनी ती ऑस्करची बाहुली, ऑस्कर देणाऱ्या अकादमीला परत पाठवली, सांभाळायला. आपल्यामागे ती इथे नीट राहील याची त्यांना खात्री वाटेना. २००४ मध्ये शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेलं होतं, तेव्हा भीती अनाठायी कशी म्हणावी? मुंबईत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उघडलं तेच मुळी २०१९ ला. दरवर्षी जिच्यासाठी देशभर जीव टांगणीला लागतो, ती हातात आल्यावर ठेवायला धड फडताळ नाही!

कलावंताला तिकडची ओढ असते यात मला काही वावगं वाटत नाही. त्याच प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले चित्रकार सूझा १९४९ ला लंडनला गेले, रझा १९५० ला पॅरिसला. इथे त्यांची चित्रं घेणारं होतं कोण? सुरुवातीला पाठीशी उभे राहिले त्यांत लांगहॅमर, फॉन लायडन, श्लेसिंगर ही नावं ठळक, आणि ही मंडळी नाझींच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेली. रंग, कॅनव्हास, खोलीचं भाडं, सगळ्याला पैसे पडतात. जिथे कुणी बघतं तिथे माणूस जाणारच. माझं भांडण बघणाऱ्यांशी आहे. म्हणजे आपल्याशीच.

'श्वास'चं वर्ष आठवतंय. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीला 'श्यामची आई'नंतर थेट तेव्हा मिळाला. पाठोपाठ ऑस्करसाठी भारतातर्फे निवड. तिकडे मतदारांसाठी खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, म्हणजे पाण्यासारखा पैसा. तो निर्मात्यांकडे नव्हता, म्हणून महाराष्ट्रभर वर्गणी सुरू झाली. शाळकरी मुलांनीसुद्धा पैसे जमवले. आमच्या स्टाफरूममध्ये बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला होता, झाकणाला छिन्नीने पाडलेली खाच. तिच्या कडेला नोटा अडकून फाटायच्या. डबा फिरवता फिरवता मी एकाला सहज विचारलं, "पाहिलात का सिनेमा?" म्हणाले, "ऑस्कर मिळू दे, मग सहकुटुंब जाऊ." अंतिम पाचांत नाव आलं नाही. त्यांचं सहकुटुंब जाणंही राहिलं. सिनेमा गावातच लागलेला होता, तिकीटही परवडणारं होतं.

प्रभातच्या 'संत तुकाराम'चं उलट झालं होतं. १९३६ साली तो लागला आणि मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक चालला. व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला तो १९३७ मध्ये. व्हेनिस कुठे आलं हे ठाऊक नसलेल्या माणसांनीही तो डोक्यावर घेतला. तेव्हाचा प्रेक्षक जास्त शहाणा होता असं नाही. त्याला तुकाराम आधीपासून पाठ होता, एवढंच. चित्रांच्या बाबतीत आपलं तसं काहीच पाठ नाही. मी वीसेक वर्षं ग्रेड परीक्षांना मुलं बसवतोय. स्थिरचित्र झकास काढतात, पण एकाही हयात चित्रकाराचं नाव सांगता येत नाही.

चित्रकलेच्या खोलीत मी चित्रकार गायतोंड्यांचं एक चित्र लावलंय, जुन्या कॅलेंडरातून कापलेलं. पिवळसर, त्यावर विरघळल्यासारखे आकार. गायतोंडे १९६४ साली रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, परत आले, पुढे दिल्लीत निजामुद्दीनला वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत राहिले. कुणाला पटवायला गेले नाहीत. २००१ ला वारले. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं ते २०१४ मध्ये. त्याच्या आदल्या डिसेंबरात मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं.

आमच्या इतिहासाच्या सरांनी कॅलेंडरातल्या या चित्राची वर्षानुवर्षं टिंगल केली होती. "वरची बाजू कुठली हो याची?" लिलावाची बातमी आली त्या दिवशी पेपर घडी करून खोलीत आले. चष्मा वर केला, बातमीतलं चित्र नि भिंतीवरचं चित्र आळीपाळीने बघितलं. "हेच का ते?" म्हटलं, "त्याच माणसाचं, दुसरं." मग काही न बोलता पुढे झाले, वितीने लांबी-रुंदी मोजली आणि म्हणाले, "आमच्या सोफ्याच्या वर बरोबर बसेल. देता का?"