ना वारा, ना पाऊस

अकरा वर्षं मी मराठी ग्रुप घेऊन इस्राएलला जातोय. मृत समुद्राच्या काठाने बस निघाली की अलीशा संदेष्ट्याची गोष्ट सांगायची, हे ठरलेलं. 'दुसरे राजे', अध्याय ३. तीन राजे शेजारच्या मवाब राज्यावर चालून निघतात, अदोमच्या वाळवंटात सात दिवस फिरून पाणी संपतं. अलीशा सांगतो, या ओढ्यात खड्डे खणा. वारा दिसणार नाही, पाऊस दिसणार नाही, तरी ओढा भरेल. चमत्कार म्हणून मी ती उरकायचो आणि अंगाला चिखल फासायच्या सूचनांकडे वळायचो.

एका नोव्हेंबरात, मृत समुद्राकाठच्या एन गेदीच्या अलीकडे पोलिसांनी ९० नंबरचा रस्ता अडवला. ओढ्याला पूर येतोय म्हणे. बसमध्ये हशा पिकला. वर निळंभोर आभाळ, बाभळीचं पान हलत नव्हतं. ड्रायव्हरने पश्चिमेच्या डोंगरांकडे बोट केलं, सकाळी हेब्रोनला झोडपलंय. हेब्रोन समुद्रसपाटीच्या ९०० मीटर वर, आम्ही ४०० मीटर खाली, मध्ये जेमतेम २५-३० किलोमीटर. सगळा उघडा खडक, पाणी मुरणार कुठे?

आधी आवाज आला, डंपरने खडी ओतल्यासारखा. मग कोरड्या वळणावरून चहाच्या रंगाचा लोंढा, तोंडाशी काटक्या, फेस आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची. अर्धा तास कोणी जेवणाचं विचारलं नाही. माझ्या धंद्यात हाही चमत्कारच.

दहिवडीकडचे एक बापू मात्र ओढ्याच्या तळाकडे बघत होते. "हे जाईल की तासाभरात. मागं खड्ड्यात ऱ्हाईल तेवढंच आपलं. आमी माणगंगेत झिरे पाडतो न्हवं?"

मूळ हिब्रूत 'गेविम गेविम' आहे, म्हणजे खड्डेच खड्डे. इतकी वर्षं ते खणणं मी श्रद्धेची परीक्षा समजत होतो!

मग मीच बोलत सुटलो. समुद्रापलीकडे, आजच्या जॉर्डनमध्ये, अदोमचे तांबड्या वालुकाश्माचे डोंगर. तिकडून आलेलं पाणी सकाळच्या उन्हात मवाबी सैन्याला रक्त वाटलं, राजे आपसातच कापले गेले समजून ते लुटायला धावले आणि फसले. अदोम, 'अदुमिम' म्हणजे तांबडं, 'दाम' म्हणजे रक्त. सांगणाऱ्याने शब्दही तिथल्याच मातीतून उचललेत.

रस्ता अंधार पडल्यावर उघडला. मसादाचा किल्ला बघायचा राहिला, फीडबॅक फॉर्मवर दोघांनी तसं खरमरीत लिहिलंही. बापू बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले.

"त्या राजांनी कुदळी कुठनं आणल्या ओ?"

"ते लिहिलेलं नाही, बापू."