तुम्ही विचारलंत म्हणून: ताट वेगळं ठेवायचं का?

रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न औषधाचा नसतो. "ताई, त्यांचं ताट वेगळं ठेवायचं का?" तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी माझी लॅब आहे. हा प्रश्न कधी सून विचारते, कधी सासू, कधी पेशंट स्वतःच, खालच्या आवाजात. शिबिरात रक्त दिलं आणि ब्लड बँकेतून बोलावणं आलं, नाहीतर गरोदरपणाच्या तपासणीत 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' निघालं, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी या लिव्हरच्या आजाराच्या विषाणूची खूण सापडली, अशीच बहुतेकांची सुरुवात असते.

नका ठेवू वेगळं. एका ताटात भरीत-भाकरी खा, एका तांब्यातलं पाणी प्या. हिपॅटायटिस बी पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला. उष्ट्यानं, खोकल्यानं, जवळ बसल्यानं नाही. दूषित पाण्यातून येते ती हिपॅटायटिस 'ए' आणि 'ई'ची कावीळ.

गंमत अशी की ज्या घरात ताट वेगळं होतं, त्याच घरात मोरीच्या खिडकीत एकच रेझर असतो आणि बाप, दोन्ही पोरं त्यानंच दाढी करतात. सुकलेल्या रक्तात हा विषाणू निदान सात दिवस तग धरतो. म्हणून वेगळं करायचं ते ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघा, मनसोक्त खा; हातावर नाव गोंदून घ्यायचं असेल तर मात्र सुई तुमच्यादेखत नव्या पाकिटातून निघते का ते बघा. 2009 साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यानं या आजाराची मोठी साथ आली होती. मोडासा आपल्यापासून काही फार लांब नाही.

दुसरा प्रश्न लगेच येतो: "रेघ तर फिकी दिसतेय, म्हणजे थोडंच आहे ना?" तपासणीच्या कार्डावर सीरमचे, म्हणजे रक्तातल्या पातळ भागाचे, दोन-तीन थेंब टाकले की 'सी'पुढे गुलाबी रेघ उमटते; ती फक्त कार्ड चांगलं असल्याची खूण. 'टी'पुढे दुसरी आली की पॉझिटिव्ह, मग ती कितीही पुसट असो. विषाणू किती आहे हे कार्ड सांगत नाही. त्यासाठी एलायझा या लॅबमधल्या अधिक पक्क्या तपासणीनं खात्री करून एचबीव्ही डीएनए ही वेगळी तपासणी करावी लागते.

आणि मग ठरलेलं वाक्य: "माले ते काहीच व्हत नही." खरंय. तिथंच या आजाराची मेख आहे. लागण मोठेपणी झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचं शरीर विषाणूला स्वतःच हुसकून लावतं. जन्मतः झाली तर नव्वद टक्के बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी पॉझिटिव्ह राहिलं तर त्याला जुनाट म्हणतात. डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली, माणूस केळीच्या बागेत दिवसभर राबतोय. आणि आत वीस-तीस वर्षांत लिव्हर कडक होत जातं. काहींना सिरॉसिस होतो, म्हणजे लिव्हर आक्रसून निकामी होऊ लागतं, काहींना लिव्हरचा कॅन्सर. 'बी'चा कॅन्सर तर सिरॉसिस नसतानाही होऊ शकतो.

काविळीची माळ घालणाऱ्यांचं नाव का होतं, तेही इथंच कळतं. 'ए'ची कावीळ काही आठवड्यांत बहुधा आपोआप उतरते. हिरव्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते आणि श्रेय माळेला जातं. जुनाट 'बी'मध्ये उतरवायला पिवळेपणाच नसतो.

"मग गोळी खाऊन मुळासकट जाईल का?" बहुतेकांचा नाही जात. शेतातला लव्हाळा कसा, वरून कितीही खुरपा, खाली गाठी शिल्लकच. तसा हा लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकात आपला साचा ठेवून बसतो. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर या गोळ्या त्याची वाढ दाबून धरतात, लिव्हर वाचवतात. सगळ्यांना गोळी लागत नाही. डीएनए, एसजीपीटी (लिव्हरला इजा होतेय का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि लिव्हर किती कडक झालंय ते पाहून डॉक्टर ठरवतात. चालू असलेली गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून मनानं सोडू नका, आजार एकदम उसळतो. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. गोळी नसली तरी फाईल कपाटात टाकू नका. साधारण दर सहा महिन्यांनी रक्त, आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा सोनोग्राफी.

खाण्यात पथ्य विचाराल तर दारू बंद, मोहाचीसुद्धा. "ती तर झाडाची आहे" हा युक्तिवाद लिव्हरला कळत नाही. आणि बुरशी धरलेले दाणे, पावसात भिजून काळपट पडलेला मका फेकून द्या. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष 'बी'च्या जोडीला आलं की कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि ते भाजल्यानं पुरतं जात नाही. कडू लागलेला दाणा चटणीत दडपायची आपली सवय वाईटच.

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन द्यायला हवं. मग अंगावर पाजायला हरकत नाही. बाळंतपण घरी न करण्याला एवढं एकच कारणसुद्धा पुरे.

राहिला दाराआड विचारला जाणारा प्रश्न: लग्न जमवताना सांगायचं का? सांगायचंच. लग्न मोडायचं काहीच कारण नाही, कारण समोरच्यासाठी लस आहे. आधी त्यांचं एचबीएसएजी तपासा, निगेटिव्ह असेल तर सुपारी फुटली की पहिला डोस द्या. दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे लसीनं किती संरक्षण आलं ते मोजणारी रक्ततपासणी, करून घ्या, आकडा दहा किंवा वर आला की काम झालं. लग्नाची तारीख त्याआधीची निघाली, तर तोवर निरोध वापरा.