फझीसाठी

एकाहून एक नावाजलेले वेस्टर्न, म्हणजे काउबॉयांचे, चित्रपट उपलब्ध असताना बिली द किडची ती स्वस्तातली चित्रपटमालिका तुम्ही पुन्हा पुन्हा का पाहता, असे मला नेहमी विचारले जाते आणि पाठोपाठ, एका खुनी गुरेचोराला नायक केलेले तुम्हाला खटकत नाही का, हा उपप्रश्नही येतो.

उपप्रश्नाचे उत्तर सोपे आहे. 14 जुलै 1881 रोजी न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथे शेरीफ पॅट गॅरेटच्या गोळीने मेलेला खरा बिली या चित्रपटांत औषधालाही सापडत नाही. येथे दुसऱ्याचा गुन्हा त्याच्या माथी मारला जातो आणि तो खऱ्या बदमाशांना हुडकून गावकऱ्यांची सुटका करतो. 1943 मध्ये नायकाचे नाव बदलून बिली कार्सन केले, तरी कथेत तसूभर फरक पडला नाही, यातच सारे आले.

मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र बिलीचा विनोदी साथीदार फझी जोन्स हे आहे. हॉलिवूडमधील पीआरसी (प्रोड्युसर्स रिलीजिंग कॉर्पोरेशन) या गरीब चित्रपट कंपनीने 1940 मध्ये मालिका सुरू केली, तेव्हा पहिल्या सहा चित्रपटांत बॉब स्टील बिली होता. पुढे ती जागा 1932 च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवलेल्या बस्टर क्रॅबने घेतली. फझी झालेला अल सेंट जॉन मात्र शेवटपर्यंत कायम राहिला. निर्माता सिग्मंड न्यूफेल्ड आणि दिग्दर्शक सॅम न्यूफील्ड हे सख्खे भाऊ (आडनावाचे स्पेलिंग तेवढे वेगळे), आणि सॅम इतक्या झपाट्याने चित्रपट उरकत असे की श्रेयनामावलीत त्याला टोपणनावेही घ्यावी लागत. अशा घाईत आणि तंगीत तासाभराची लांबी भरून काढायची, तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कॅमेरा एका जागी ठेवून फझीला मोकळे सोडणे. मूकपटांतील विनोदी नट रॉस्को आर्बकलचा हा भाचा मूकपटांच्या काळात धडपडण्याची कला शिकला होता, त्यामुळे पंचेचाळिशी उलटल्यावरही, ढगळ विजार आणि खुरटी दाढी अशा अवतारात, एखाद्या खुर्चीशी किंवा स्वतःच्याच पिस्तुलाशी झगडताना त्याला संवादाची गरज भासत नसे. पैशाच्या चणचणीने असा सोंगाड्या पडद्यावर इतका वेळ टिकला, हे माझ्या दृष्टीने त्या कंपनीचे नकळत घडलेले पुण्य आहे.

बिली घोड्यावर टांग टाकून बदमाशांच्या मागे निघाला, की मी चहा टाकायला उठतो. फझी पडल्याचा आवाज आला, की कप तसाच ठेवून परत येतो.