नागपूर : कार्यक्रमपत्रिकेत नसलेली गाणी

साठ-सत्तर जणांचा क्वायर, म्हणजे गायकवृंद, गाडीत चढवणं म्हणजे वऱ्हाड नेण्यासारखंच, रुसवेफुगवेही तसेच. नगरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो तेव्हा ठरलेला कार्यक्रम एकच होता : नागपुरात सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये नाताळची चार आवाजी गाणी. सोप्रानो, म्हणजे बायकांचे वरचे आवाज, एका डब्यात, आम्ही आल्टो, म्हणजे बायकांचे खालचे आवाज, दुसऱ्या, टेनर आणि बास, म्हणजे पुरुषांचे वरचे आणि खालचे आवाज, जागा मिळेल तिथे. मनमाडपर्यंत सरांनी नेटाने सराव घेतला. भुसावळला केळी आली आणि सराव संपला.

कॅथेड्रलमधला कार्यक्रम नीट झाला. एकोणिसाव्या शतकातली दगडी वास्तू, उंच छत, नवा सूर लागला तरी जुना वर घुमतच राहतो. सरांनी लय थोडी उतरवली, कीबोर्ड सांभाळून वाजला, पाळकसाहेबांनी कौतुक केलं, चहा-केक झाला. यापलीकडे सांगण्यासारखं फारसं नाही. महिनाभर घोटलेली गाणी जशी व्हायची तशीच झाली.

गंमत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. कस्तुरचंद पार्कहून मेट्रोने सीताबर्डीला गेलो. नागपूर मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथे एकमेकींना छेदतात, त्यामुळे स्टेशन ऐसपैस आहे. सरकत्या जिन्यावर आमच्यातल्या पोरांनी कॅरल गुणगुणायला सुरुवात केली. खालून टेनरनी उचललं, वर पोचलेल्या आम्ही ओळ पुरी केली. तेवढ्यात गणवेशातला सुरक्षारक्षक ताडताड चालत आला. आता बोलणी बसणार म्हणून सगळे चिडीचूप.

"इथं काऊन गाऊन राहिले? लोकायला चढा-उतरायला तरास होते ना! तिकडं मोकळ्या जागेत उभे राहा न् मस्त म्हणा."

मग काय, उभे राहिलो. पण कीबोर्ड मुक्कामाच्या ठिकाणी राहिलेला, स्वरलिपीच्या वह्या पिशव्यांत. चार आवाजी गाण्याला एवढी सरबराई लागते, हे तिथे फारच जाणवलं. सरांनी क्षणभर विचार केला आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं भजन धरलं. ते सगळ्यांना पाठ. त्याला ना पेटी लागते, ना वही. ऑफिसातून घरी निघालेली माणसं थांबली. एका आजींनी पिशवी खाली ठेवून टाळ्यांचा ठेका दिला, तोही अचूक.

टिळक आमच्या नगरला राहिले, तिथेच त्यांनी लिहिलं, म्हणून आम्ही त्यांना घरचेच मानतो. पण त्यांच्या ख्रिस्ती होण्याची सुरुवात या बाजूच्याच रेल्वेप्रवासात आहे. नाशिकहून राजनांदगावला जाताना गाडीत भेटलेल्या एका साहेबाने त्यांना नवा करार वाचायला दिला. पुढे 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. त्यांच्या कितीतरी भजनांची घडण अभंगाची आहे, ती त्यामुळेच.

रात्री सावजी. कार्यक्रमाआधी सरांची सक्त मनाई होती, आता कुणी ऐकेना. तर्रीने घसे असे काही पेटले, की मालकांनी गाण्याची फर्माईश केली तेव्हा फक्त बासवाल्यांचेच आवाज शिल्लक होते.

परतीची गाडी उशिरा होती. फलाटावर सामानाचा डोंगर रचून बसलो. शेजारी भगव्या टोप्या घातलेलं एक खंजिरी भजन मंडळ, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव परंपरेतलं. 1955 मध्ये महाराज जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले, तेव्हाही खंजिरी सोबत होती. या मंडळातल्या बुवांची खंजिरी अगदी तळहातापेक्षा थोडी मोठी, कडेला पितळी चकत्या, चामड्यावर बोटांचे काळपट डाग. त्यांची दोन भजनं झाल्यावर बुवा आमच्याकडे वळले.

"तुम्ही बी गाणारे दिसून राहिले. म्हणा ना एखादं."

सरांनी पुन्हा टिळकच काढले. पहिल्या कडव्यात बुवा नुसते ऐकत होते. दुसऱ्याला खंजिरी आली, मग झांजा, मग त्यांच्याकडची सगळी माणसं धृपद म्हणू लागली. सूर बुवांचा, काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. सोप्रानोंना तो खाली पडला, बासवाल्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि एरवी कायम दुसऱ्यांच्या आधाराला उभ्या असलेल्या आम्हा आल्टोंना मूळ चाल गायला मिळाली, तीही आमच्या पट्टीत! क्वायरमध्ये असं भाग्य सहसा लाभत नाही. मी तर आवाज मोकळा सोडून गायले. हमालसुद्धा हातगाड्या लावून उभे होते.

गाडी लागल्यावर बुवांनी सरांचा फोन नंबर घेतला. "मोझरीला या एकदा, महाराजांच्या गुरुकुंज आश्रमात. जेवणाची चिंता नाही." सरांनी होकार दिलाही. वर्ध्याच्या पुढे त्यांनी भजनांची यादी करायला घेतली आणि बासवाल्यांना बजावलं, की पुढच्या रविवारपासून झांजा शिकायच्या. वर्गणीतून झांजांचे पैसे काढायचे की नाही, यावर बडनेरा येईपर्यंत वाद चालू होता.