शाडूच्या पाट्या आणि क्षमेची प्रार्थना : संडे स्कूलची पावसाळी नोंद

मीठ-मैद्याचे क्रूस पावसाळ्यापुरते बंद. मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे मुंबईच्या जुलैत क्रूस घामेजतात आणि रंग सुटतो. त्याऐवजी आता शाडू: त्याच्या छोट्या पाट्यांवर मुलं आपली चूक लिहितात आणि क्षमेच्या प्रार्थनेच्या वेळी त्या पाण्यात विरघळू देतात. गणपतीच्या कारखान्यांमुळे लालबाग-परळकडे या दिवसांत तो सहज मिळतो. फक्त चाळलेली कोरडी पूड घ्या. मूर्तीसाठी मळलेल्या गोळ्यात कधी कधी कापूस किंवा डिंक असतो. मूर्तीला त्याने बळकटी येते, पण आपली पाटी पाण्यात विरघळायची आहे.

१ किलो पुडीला साधारण ३५० ते ४०० मिली पाणी लागतं. पाणी थोडं थोडं घालत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. पूड नाकातोंडात जाते, म्हणून हे काम मोठ्यांनीच करावं, आणि सांडलेली पूड झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. सुती कापडावर गोळा ठेवून दोन्ही बाजूंना ५ मिमी जाडीच्या पट्ट्या लावा, म्हणजे लाटणं सगळीकडे सारखं फिरतं. ६ × ४ सेंमीच्या पाट्या कापा. एवढ्यात पन्नासेक होतात. थेट पंख्याखाली ठेवल्या तर कडा आधी सुकून वर वळतात. जाळीवर ठेवा आणि अधूनमधून उलटा.

खरी मेख सुकण्यात आहे. पूर्ण कोरड्या पाटीच्या छिद्रांत हवा असते. पाणी आत शिरतं, हवेला दाबतं, बुडबुडे येतात आणि कडांपासून पापुद्रे सुटू लागतात. दमट पाटीत ती जागा आधीच पाण्याने भरलेली असते, म्हणून ती तशीच पडून राहते. गालाला लावून पाहा: गार लागली तर अजून ओली आहे. पावसात नुसत्या हवेवर भरवसा नको. वरून सुकलेल्या पाट्या ओव्हनमध्ये ८०–९० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, दोनेक तास ठेवा. एवढ्या उष्णतेने माती भाजली जात नाही. नंतर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

याबाबत इतकी काटेकोरी का? शेजारच्याची पाटी विरघळली आणि आपली नाही, तर सात वर्षांचं मूल त्याचा सरळ अर्थ लावतं: देवाने मला माफ केलं नाही. म्हणून प्रत्येक घाण्यातली एक पाटी आदल्या दिवशी पाण्यात टाकून बघायचीच. ती ठोकळ्यासारखी राहिली, तर त्या रविवारी हा उपक्रम नाही.

मुलांनी कोरड्या पाटीवर टूथपिकने हलकेच ओरखडावं. जोरात दाबलं की पाटी मोडते. शब्द नको असेल तर खूण चालते. शिक्षकांनी वाचू नये, ‘काय लिहिलंस?’ असं तर विचारूच नये. मीखा ७:१९ (देव आपली पापं समुद्राच्या तळाशी टाकतो, हे वचन) वाचून पाट्या पारदर्शक भांड्यात, स्टीलच्या जाळीवर सोडा. जाळी नसेल तर खाली साचणारा गाळ पाटीलाच झाकतो आणि काम रेंगाळतं. पाणी ढवळू नका. पाट्या विरघळायला वेळ लागतो, प्रभूची प्रार्थना त्यामानाने लवकर संपते, म्हणून पुढे एक-दोन गीतं हाताशी असू द्या.

गाळ मोरीत ओतला तर पाइप तुंबतो. रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी झाडांना घाला आणि खालची माती कापडावर पसरा. मळण्याजोगी झाली की यिर्मया १८ च्या (कुंभाराच्या) धड्याला वाट्या करायला तीच वापरता येते.