परत साथ आली तर शाळा बंद ठेवायची का?

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. पालकसभेनंतर, साखळीच्या बाजारात, चवथीला कुणाच्या घरी गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसल्यावर हा प्रश्न हमखास येतो: "बाई, परत कोरोनासारखं काही आलं तर शाळा बंद ठेवायला तुम्ही हो म्हणाल का?" पाठोपाठ दुसराही येतो: "आणि लस? मुलांना द्यायची की नको?" उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिले काही आठवडे, हो. त्यानंतर मात्र लहान मुलांची शाळा सगळ्यांत शेवटी बंद व्हावी आणि सगळ्यांत आधी उघडावी. जत्रेच्या आधी, लग्नाच्या हॉलच्या आधी, कसिनोच्या आधी.

पहिल्या आठवड्यांना हो म्हणते, कारण मार्च 2020 मध्ये हा विषाणू मुलांशी कसा वागतो हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. फ्लूच्या साथीत मुलंच रोग घरोघरी नेतात, तसंच इथेही होईल असं समजणं रास्त होतं. 25 मार्चला गोव्यात पहिले तीन रुग्ण सापडले. एकूण सात झाले, एप्रिलमध्ये सातही बरे झाले, आणि आपण ग्रीन झोन, म्हणजे रुग्ण नसलेला भाग, म्हणून थोडा श्वास घेतला. जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिलवर साथ फुटली आणि तो श्वास पुन्हा अडकला. तेव्हा शाळा बंद होती त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार नंतरची आहे. हा आजार वयाप्रमाणे बदलतो हे पहिल्या काही महिन्यांतच स्पष्ट झालं होतं. सत्तरीच्या आजोबांना असलेला धोका आणि सात वर्षांच्या नातवाला असलेला धोका यांत कितीतरी पटींचं अंतर होतं. स्वीडनने 2020 च्या वसंतातही सोळा वर्षांखालच्यांच्या शाळा चालू ठेवल्या होत्या. आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2020 ला कसिनो उघडले. दहावी-बारावीचे वर्ग उघडले 21 नोव्हेंबरला, आणि पहिलीच्या मुलांचं नावही कुणी काढलं नाही. पुढच्या वर्षी तेच. सप्टेंबर 2021 मध्ये कसिनो पुन्हा चालू झाले, पहिली ते आठवीचे वर्ग नोव्हेंबरात. जानेवारी 2022 मध्ये ओमिक्रॉन आला आणि वर्ग परत बंद झाले. विधानसभेचं मतदान 14 फेब्रुवारीला झालं, त्यानंतर मुलं शाळेत आली. गोव्याचं पोट पर्यटनावर आहे, हे मला कळतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील हॉटेलांत आणि टॅक्सीवर कामाला आहेत. पण हा क्रम कुणीतरी लावला होता, आणि तो लावताना मुलांच्या बाजूने बोलायला त्या टेबलावर कुणी नव्हतं. याचा राग मला अजून येतो.

मे 2021 मी विसरलेली नाही. तपासलेल्या नमुन्यांपैकी निम्म्याच्या आसपास बाधित येत होते. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात 11 मेच्या पहाटे चार तासांत 26 माणसं गेली आणि ऑक्सिजनचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. त्या महिन्यातली संचारबंदी मला योग्यच वाटते. महाराष्ट्राच्या हद्दीवर पत्रादेवीच्या नाक्यावर निगेटिव्ह सर्टिफिकेट मागितलं गेलं, दोडामार्ग-सावंतवाडीहून कामाला येणाऱ्यांचे हाल झाले, तरी त्या आठवड्यांत ते समजण्यासारखं होतं. निर्बंध म्हटला की सरसकट विरोध करणारे पालक मला भेटतात आणि त्यांच्याशी माझं पटत नाही. प्रत्येक निर्बंधाला वेगळं विचारावं लागतं: यातून कोण वाचतो, किंमत कोण भरतो आणि हे कधी संपणार? मोठ्यांची संचारबंदी मोठ्यांना वाचवत होती. लहान मुलांची शाळा बंद ठेवण्यात किंमत मुलांची होती आणि फायदा, असलाच तर, बहुतेक मोठ्यांचा.

आणि ती किंमत मी वर्गात पाहिली. सत्तरी, सांगे, काणकोण इथली मोठी मुलं रेंजसाठी डोंगरावर चढून बसत होती, त्यांचे फोटो तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिले असतील. पहिली-दुसरीतल्या मुलांचे फोटो कुठे आले नाहीत, कारण ती डोंगरावर गेलीच नाहीत. घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर जायचा. आम्ही वर्कशीट घरी पोचवत होतो. आई शिकलेली असेल तर भरून यायची, नाहीतर कोरी. दुपारी शाळेत मिळणारी बचतगटाची पावभाजी बंद झाली. तिच्या बदल्यात शिधा दिला गेला, पण शिजलेलं ताटात पडणं आणि तांदळाची पिशवी घरी जाणं यांत घरातल्या सगळ्यांत लहान मुलासाठी फार फरक असतो. तिसरीत आलेली मुलं 'घर' आणि 'घार' यांत अडखळत होती, बाराखडी पुन्हा फळ्यावर लिहावी लागली. देशभरचं चित्रही तसंच. मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या 'असर' या ग्रामीण पाहणीत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं 2018 मध्ये 27.3 टक्के होती, 2022 मध्ये 20.5 टक्के. ज्यांच्या घरी पुस्तकं होती ती मुलं सावरली. माझ्या वर्गातली सगळी तशी नव्हती.

आता लसीचं. इथे व्हॉट्सअॅपने फार घोळ घातला आहे, म्हणून आधी साधी माहिती. 15 ते 18 वयाच्या मुलांना 3 जानेवारी 2022 पासून कोव्हॅक्सिन दिली गेली. 12 ते 14 च्या मुलांना 16 मार्च 2022 पासून कोर्बेव्हॅक्स. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू असतो, ही फार जुनी पद्धत आहे. कोर्बेव्हॅक्समध्ये विषाणूच्या प्रथिनाचा एक तुकडा असतो. बारा वर्षांखालच्या मुलांना सरकारी मोहिमेत कोरोनाची लस दिलीच गेली नाही. म्हणजे माझ्या शाळेतल्या मुलांना ती मिळालीच नाही, आणि शाळा उघडून आता काही वर्षं झाली. हृदयाच्या सुजेचे जे व्हिडिओ फिरतात ते एमआरएनए प्रकारच्या लशींबद्दलचे आहेत. तरुण मुलग्यांत, विशेषतः दुसऱ्या डोसनंतर, क्वचित तशी सूज येते हे खरं आहे, पण फायझर-मॉडर्नाच्या त्या लशी आपल्या मोहिमेत नव्हत्या. रक्ताच्या गुठळ्यांचा अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम कोव्हिशिल्डच्या प्रकारच्या लशीशी जोडलेला आहे, आणि कोव्हिशिल्ड आपल्याकडे अठरा वर्षांवरच्यांनाच दिली गेली.

मोठ्यांनी लस घेतली ते बरं केलं, असं मी ठामपणे सांगते. माझ्या सासूबाईंना मी स्वतः नेलं होतं. निरोगी मुलांच्या बाबतीत मात्र तोल इतका सोपा नव्हता. सप्टेंबर 2021 मध्ये ब्रिटनच्या लसीकरण समितीने 12 ते 15 वयाच्या निरोगी मुलांना सरसकट लस देण्याची शिफारस केवळ आरोग्याच्या निकषावर करायला नकार दिला, कारण फायदा थोडाच होता. दहा दिवसांनी तिथल्याच मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी शाळा बुडण्याचं नुकसान मोजलं आणि एक डोस द्या म्हणून सांगितलं. दोन्ही बाजूंना जाणते डॉक्टर होते. आपल्याकडे जून-जुलै 2021 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 6 ते 9 वयाच्या 57.2 टक्के मुलांच्या रक्तात अँटीबॉडी आढळल्या होत्या, म्हणजे लस येण्याआधीच निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेला होता. अशा वेळी एखाद्या आईने हायस्कुलातल्या मुलाला लस द्यायची की नाही यावर चार दिवस विचार केला, तर तिला अडाणी म्हणणं मला पटत नाही. दमा, मधुमेह, हृदयाचं दुखणं असलेल्या मुलाच्या आईला मात्र मी डॉक्टरांकडे जा आणि लवकर जा असं सांगितलं.

2 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियल या बालरोगतज्ज्ञांच्या याचिकेवर निकाल दिला. कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, पण ते प्रमाणात हवेत. आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसाठी खुली हवी. यातलं तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पालक घाबरतात ते सुईला कमी आणि काहीतरी लपवलं जातंय या संशयाला जास्त. लस घेतली नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर ठेवायला माझा विरोध आहे, तेव्हाही होता.

पण हे वाचून कुणी गोवरची लस टाळणार असेल तर मी हात जोडते. कोरोनाच्या भांडणात पालकांचा सगळ्याच लशींवरचा विश्वास हलला, ही मला सगळ्यांत मोठी हानी वाटते. गोवर हा मुलांचा आजार आहे आणि तो मुलांना मारतो. एक बाधित मूल असंरक्षित समूहात बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतं. 2021 मध्ये जगभरात अडीच कोटी मुलांचे नेहमीचे डोस चुकले. 2022 च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीच्या वस्तीत, गोवर पसरला आणि लहान मुलं गेली. मुंबई आपल्यापासून एका रात्रीच्या बसवर आहे. 2017 मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम गोव्यात पहिल्याच टप्प्यात झाली, तेव्हाही अफवा होत्या आणि तेव्हाही आरोग्यसेविकांनी दारोदार जाऊन समजावलं होतं. ती लस घ्यावी की नाही यावर माझ्या मते चर्चेला जागा नाही.

गेल्या पालकसभेत एका वडिलांनी मला अडवलं. त्यांच्या आईचं डायलिसिस चालतं, घर दोन खोल्यांचं. "शाळा उघडी ठेवा म्हणणं तुम्हाला सोपं आहे, बाई. माझा पोर घरी येऊन आजीच्या कुशीत झोपतो." त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, आणि सगळ्या शाळा बंद करणं हे त्याचं उत्तरही नाही. अशा घरातल्या मुलाला साथीच्या दिवसांत घरी राहण्याची मुभा हवी, गैरहजेरी न मांडता. त्याला शिकवायला आठवड्यातून दोनदा अंगणापर्यंत मी जाईन, मास्क लावून, आणि बाकीच्या शिक्षकांनाही ते काम म्हणून नेमून द्यावं. आजीला लस सगळ्यांत आधी मिळावी. आणि बंदचा आदेश काढावाच लागला तर त्याच कागदावर शाळा उघडण्याची तारीख लिहिलेली असावी, म्हणजे ती पुढे ढकलणाऱ्याला दर वेळी कारण द्यावं लागेल. त्या वडिलांना मी हे सगळं सांगितलं. पटलं असं ते म्हणाले नाहीत, पण आदेशावर तारीख हवी ही मागणी पालक-शिक्षक संघाच्या ठरावात घालायला त्यांनीच हात वर केला.